आयताची हरवलेली बाजू, पावणेनऊ चौरस मीटर आणि "उलटा का करायचा?"

ऐरोलीची_आई | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, मदत हवी आहे. लेक सहावीत आहे, सेमी-इंग्लिश. भांडी आवरून मी नुकती टेकले होते, तेवढ्यात वही घेऊन आली. गणित असं:

एका आयताकृती खोलीचे क्षेत्रफळ ८ पूर्णांक ३/४ चौ. मी. आहे. खोलीची लांबी ३ पूर्णांक १/२ मी. असल्यास रुंदी काढा.

क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, त्यामुळे रुंदी हवी तर क्षेत्रफळाला लांबीने भागायचं, इथपर्यंत तिचं पक्कं आहे. पूर्णांकयुक्ताचे अंशाधिक अपूर्णांकही तिनेच केले: ३५/४ ÷ ७/२. पुढे तिने लिहिलं ४/३५ × ७/२ = २८/७० = २/५. रुंदी २/५ मीटर. त्यावर शिकवणीच्या बाईंची लाल फुली आणि शेजारी चार शब्द, "उलटा करून गुणा ना."

ती रडवेली. "आई, केलाय की उलटा!"

मी म्हटलं, अगं दुसरा उलटा करायचा, पहिला नाही. तर म्हणते, "का? आणि मुळात उलटा का करायचा?"

इथे माझी बोलती बंद. आयुष्यभर उलटा करून गुणत आले, पण का ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उत्तर अडीच आहे हे मला माहीत आहे. तिला ते पटावं असं काही सांगता येईल का कुणाला? यूट्यूबच्या लिंका नकोत, तिथेही सगळे उलटाच करून गुणतात.

---

घोडबंदरचा_ट्रॅफिक | सोमवार, रात्री ११.०५

८.७५ ÷ ३.५ = २.५. संपलं. २०व्या शतकातले अपूर्णांक अजून का शिकवतात देव जाणे. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, तो पोरीला द्या आणि झोपा.

---

ऐरोलीची_आई | सोमवार, रात्री ११.१२

ट्रॅफिकदादा, त्याच्या खालचंच गणित बघा. क्षेत्रफळ ४ पूर्णांक २/३, लांबी २ पूर्णांक १/३. करा कॅल्क्युलेटरवर.

---

घोडबंदरचा_ट्रॅफिक | सोमवार, रात्री ११.२०

४.६७ भागिले २.३३ = २.००४. म्हणजे दोनच धरा की.

---

शंकासुर | सोमवार, रात्री ११.२४

"धरा की" म्हणे! १४/३ ÷ ७/३. तीन-तीन गेले, चौदाला सात, दोन. चोख दोन, धरायचं काय त्यात? २.००४ हे तुमच्या ६७ आणि ३३ मधून आलेलं आहे. दोन तृतीयांश दशांशात संपत नाही, तुम्ही तो मध्येच छाटलात आणि वर पोरीला झोपायला सांगताय.

---

जुना_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.१०

ऐरोलीच्या ताई, नमस्कार. मी नौपाड्यात असतो, चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पहाटे तलावपाळीला फेरी मारताना तुमच्या लेकीचा प्रश्न डोक्यात घोळत होता. "का?" विचारणारी मुलं वर्गात एक-दोनच असतात. तिला रागावू नका.

आधी तिच्या २/५ कडे बघू. तिला म्हणावं, साडेतीन मीटर लांब आणि चाळीस सेंटीमीटर रुंद खोलीत राहशील का? ती खोली नव्हे, दोन कपाटांमधली फट झाली. आता ५/२ आणि २/५ शेजारी-शेजारी लिहा. भलता अपूर्णांक उलटा केला की उत्तरही अगदी बरोबर उलटं येतं. म्हणजे पोरीची आकडेमोड निर्दोष आहे. तिने फक्त उलट प्रश्नाचं उत्तर काढलं: लांबीला क्षेत्रफळाने भागलं. फुलीच्या शेजारी हे लिहायला हवं होतं.

आता सोपी वाट. ८ पूर्णांक ३/४ ला आपण काय म्हणतो? पावणेनऊ. म्हणजे नवाला पाव कमी. सगळं पावात मोजायचं. नऊ म्हणजे छत्तीस पाव, त्यातला एक गेला, पस्तीस पाव. साडेतीन म्हणजे चौदा पाव. पस्तिसात चौदा किती वेळा? दोनदा, वर सात उरले, सात म्हणजे चौदाचे निम्मे. अडीच. कुठेही काही उलटं केलं नाही.

आमच्या वेळी हेही करावं लागत नसे. औटकी पाठ असायची. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असा तो पाढा. पावणेनऊ कुठे बसतात? सात आणि साडेदहाच्या बरोब्बर मध्ये. दोन आणि तीनच्या मध्ये काय, ते पोरगी सांगेल.

---

तलावपाळी | मंगळवार, सकाळी ८.३०

मास्तर, दंडवत! औटकी हा शब्द आजीच्या तोंडून ऐकला होता, तो साडेतीनचा पाढा हे आज कळलं.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९.१५

लोकलमधून टंकतोय, रबाळे गेलं, चुका सांभाळून घ्या.

मास्तर, पावाची युक्ती झकास, पण एक खडा लागला. पस्तीस पाव कसले? पाव चौरस मीटरचे. चौदा पाव कसले? पाव मीटरचे. एक जमिनीचा तुकडा आणि एक दोरीचा. जमिनीत दोरी किती वेळा मावते हा प्रश्नच होत नाही. उत्तर बरोबर आलं हे मान्य, पण "का" विचारणारी पोरगी उद्या हेही विचारेल.

---

जुना_मास्तर | मंगळवार, दुपारी १२.४०

शंकासुर नाव सार्थ आहे तुमचं. शंका रास्त आहे, मी घाईत ती पायरी गाळली.

मनात एक पट्टी आणायची. लांबी खोलीइतकीच, साडेतीन मीटर, आणि रुंदी एक मीटर. दरवाजातून भिंतीपर्यंत सतरंजी अंथरल्यासारखी. या एका पट्टीचं क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर, म्हणजे चौदा पाव चौरस मीटर. आता दोन्हीकडे जमीनच आहे. प्रश्न एवढाच की पस्तीस पावांच्या जमिनीवर चौदा पावांच्या किती सतरंज्या बसतील. अडीच बसतात. प्रत्येक सतरंजी मीटरभर रुंद, म्हणून खोली अडीच मीटर रुंद.

आता "उलटा का" हेही सांगून टाकतो, कारण खरा प्रश्न तोच होता आणि मी पावांच्या नादात त्याला बगल दिली.

साडेतीन मीटर म्हणजे ७/२, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे सात तुकडे. लांबीवर तशा सात खुणा करा आणि खोलीचे सात उभे काप पाडा. एकूण जमीन ३५/४. सात कापांत सारखी वाटली तर एका कापाला ५/४. हे झालं सातने भागणं. पण काप अर्ध्या मीटरचा आहे. पूर्ण मीटरभर लांबीत असे दोन काप, म्हणून ५/४ ची दुप्पट, १०/४, म्हणजे अडीच. हे झालं दोनने गुणणं. मीटरभर लांबीच्या तुकड्यात अडीच चौरस मीटर जमीन असेल तर त्याची दुसरी बाजू अडीच मीटरच असणार.

सातने भागलं, दोनने गुणलं. हेच आपण २/७ ने गुणलं असं लिहितो. ७/२ उलटा झाला तो असा. खाली असलेला दोन वर का गेला, तर काप अर्धे होते म्हणून. आणि ३५/४ का उलटा करायचा नाही, तर ती वाटायची जमीन आहे, तिचं काय उलटं करणार?

---

ऐरोलीची_आई | मंगळवार, दुपारी १.०५

मास्तर, डबा खाता खाता वाचलं आणि घास हातातच राहिला. "सातने भाग, दोनने गुण." इतकी वर्षं हे कुणी सांगितलं का नाही? रात्री लेकीला दाखवते.

---

घोडबंदरचा_ट्रॅफिक | मंगळवार, दुपारी १.३०

ओके, हे चांगलं आहे. माघार.

---

खाडीपलीकडे | मंगळवार, दुपारी ३.२०

कॅल्क्युलेटरवरून आठवलं. माझी फजिती सांगतो, धाग्याच्या विषयातलीच आहे.

कोपरखैरण्याला आमचं जुनं रो-हाउस आहे, भाड्याने दिलेलं. ओट्याचा ग्रॅनाइट तडकला. नवीन टाकायचा म्हणून माप घ्यायला गेलो, तर ओट्यावर भाडेकरूंचा अख्खा संसार, एका टोकाला मिक्सर, दुसऱ्या टोकाला पाण्याचं पिंप. टेप सरळ लावायला जागा नाही. म्हटलं, घरी फाइलमध्ये जुन्या ग्रॅनाइटचं बिल आहे, त्यावर चौरस फूट असणार. फक्त रुंदी घेतली, दोन फूट तीन इंच. चिठ्ठीवर लिहिलं २.३.

घरी बिल काढलं. १८ चौरस फूट. मोबाईलवर १८ भागिले २.३. आलं ७.८२. पॉइंट आठ फूट म्हणजे दहा इंच धरले आणि फोनवर ऑर्डर दिली, सात फूट दहा इंच.

चार दिवसांनी ग्रॅनाइट आला, बसवला, आणि भिंतीशी दोन इंचांची फट. दुकानदाराशी भांडलो. त्याने शांतपणे माझाच मेसेज दाखवला.

चूक बायकोने काढली. दोन फूट तीन इंच म्हणजे २.३ फूट नव्हेच. तीन इंच म्हणजे फुटाचा पाव. सव्वादोन. ९/४. मग १८ × ४/९ = ८. चोख आठ फूट. मास्तरांच्या भाषेत अठरा म्हणजे बहात्तर पाव, सव्वादोन म्हणजे नऊ पाव, नव्वे आठे बहात्तर. तोंडी येणाऱ्या हिशोबासाठी मी मोबाईल वापरला आणि दोन इंच घालवले.

फटीत त्याच रंगाची पट्टी टाकून सिमेंट भरलंय. भाडेकरू बदलले, पट्टी तिथेच आहे.

---

सुताने_मोजतो | मंगळवार, रात्री ९.५०

कळव्याला फॅब्रिकेशनचं काम आहे माझं, खिडक्या, ग्रिल, काचा. खाडीपलीकडे साहेब, तुमच्यासारखे महिन्याला चार येतात. मेसेजमध्ये २.३ आलं की मी आधी फोन लावतो, "साहेब, दोन फूट तीन इंच की दोन पॉइंट तीन?" निम्मे लोक म्हणतात "तेच ते." तेच ते नाही ना!

फुटाला एक रेघ आणि इंचाला दोन रेघा, आकड्याच्या डोक्यावर, असं लिहायची सवय ठेवा. पॉइंट वापरूच नका. त्यात ४.१० सारखं माप आलं की आणखी मजा. चार फूट दहा इंच. कॅल्क्युलेटरला विचाराल तर तो त्याला ४.१ समजतो, म्हणजे चार फूट सव्वा इंचाच्या आत. तिथे दोन इंच नाही, जवळजवळ नऊ इंच जातात.

आमच्याकडे इंचाचे आठ सूत. अर्धा इंच चार सूत, पाव इंच दोन सूत. माझा कारागीर आठवी नापास आहे, पण "सव्वापाच इंच अधिक पाऊण इंच, वजा एक सूत" विचारलं तर टेपकडे न बघता सांगतो, पाच इंच सात सूत. अपूर्णांक येत नाहीत म्हणून नापास झाला होता म्हणे.

---

तलावपाळी | मंगळवार, रात्री १०.१५

अवांतर: मुलाला परवा म्हटलं "पावणेआठला खाली ये", तर म्हणतो "म्हणजे आठ पंधरा?" सेव्हन फॉर्टी फाइव्ह म्हटल्यावर कळलं. आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी एकेक सुटसुटीत नावं असताना ही मुलं "वन अँड वन अपॉन फोर" म्हणत बसतात.

---

पावसाळी_छत्री | मंगळवार, रात्री १०.३०

अवांतराला +१. आणि "साडे" तीनपासून सुरू होतं हेही मुलांना नवल वाटतं. साडेएक नाही, साडेदोन नाही. माझी भाची "साडेदोन वाजले" म्हणते आणि सगळं घर हसतं.

---

जुना_मास्तर | बुधवार, सकाळी ६.००

अवांतरात मीही शिरतो, माफी असावी. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, हे सगळे अपूर्णांकांचे पाढे. ते हौसेखातर नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. चार आणे म्हणजे पावली, आठ आणे म्हणजे अधेली. बाजारात गेलं की पाव आणि निम्म्यावाचून पान हलत नसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि हळूहळू या पाढ्यांची गरज सरली. मी शिकलो तो बहुधा शेवटच्या काही तुकड्यांपैकी.

पण पाढे परत आणा असं मी म्हणणार नाही. आम्ही औटकी घडाघडा म्हणायचो, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना औट म्हणजे नेमकं किती हे विचारलं तर सांगता येत नसे. छडीच्या भीतीने पाठ केलेलं होतं ते. "उलटा करून गुणा" त्याच जातीचं आहे. नियम मात्र जुना. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत दिलाच आहे, भाजकाच्या छेद-अंशांची अदलाबदल करायची आणि मग गुणाकाराची रीत वापरायची.

---

व्यवस्थापन | बुधवार, सकाळी १०.००

साडेदोन आणि पावणेआठवर वेगळा धागा काढा, चांगला चालेल. इथे आयतावर राहू.

---

ऐरोलीची_आई | बुधवार, रात्री १०.०५

कापांची गोष्ट लेकीला पटली. सातने भाग, दोनने गुण, हे आता ती मैत्रिणींना फोनवर शिकवतेय. पण नवा घोळ झाला. उत्तराचा ताळा करायला बसली, साडेतीन गुणिले अडीच. तिने ३ × २ = ६ केले, १/२ × १/२ = १/४ केलं आणि आले सव्वासहा. पावणेनऊ यायला हवेत. मग पावणेनऊतून सव्वासहा वजा केले, तर अडीच उरले. अडीच! रुंदी अडीच! आता ती म्हणते यात काहीतरी गुपित आहे.

गुपित आहे का हो?

---

शंकासुर | बुधवार, रात्री १०.४०

गुपित नाही, योगायोग. पण हरवलेले अडीच खरे आहेत, ते कुठे गेले ते दाखवतो.

कागदावर आयत काढा. लांबी तीन आणि अर्धा, मध्ये उभी रेघ. रुंदी दोन आणि अर्धा, मध्ये आडवी रेघ. चार खोल्या झाल्या, चाळीतल्यासारख्या. मोठी खोली ३ गुणिले २, सहा. कोपऱ्यातली मोरी अर्धा गुणिले अर्धा, पाव. या दोन तिने मोजल्या. मधल्या दोन राहिल्या: तीन लांब नि अर्धा रुंद तो व्हरांडा, दीड. अर्धा रुंद नि दोन लांब ती बोळकांडी, एक. दीड आणि एक, अडीच. सहा, दीड, एक, पाव. पावणेनऊ.

पूर्णांक पूर्णांकाशी आणि अपूर्णांक अपूर्णांकाशी गुणला की व्हरांडा आणि बोळ विसरले जातात. आधी अंशाधिक करायचे ते याचसाठी. आणि योगायोग कळावा म्हणून तिला दुसरा आयत द्या, साडेचार बाय अडीच. तिच्या पद्धतीने सव्वाआठ येतील, खरे सव्वाअकरा. हरवले तीन. रुंदी अडीचच. गुपित गेलं.

---

पावसाळी_छत्री | गुरुवार, सकाळी ११.२०

परिमितीवाली गणितं पण येतात ना याच धड्यात? परिमिती साडेबारा मीटर, लांबी पावणेचार, रुंदी काढा, असली. तिथे आधी निम्मं करायचं विसरतात. साडेबाराचे निम्मे सव्वासहा, त्यातून पावणेचार गेले, अडीच. माझा मुलगा थेट साडेबारातून पावणेचार वजा करून मोकळा.

---

घोडबंदरचा_ट्रॅफिक | गुरुवार, दुपारी ४.४५

माघार घेतली होती, पण एक कामाचं सांगतो. हे सगळं आयत असेल तरच. आमच्या फ्लॅटच्या नकाशात हॉलचं क्षेत्रफळ १५ चौ. मी. आणि लांब भिंत ५ मीटर होती. १५ ÷ ५, रुंदी ३ मीटर. त्या हिशोबाने सोफा सांगितला. हॉल निघाला एल आकाराचा. एका टोकाला साडेतीन मीटर, पण दाराकडे जेमतेम दोन. सोफा दाराकडेच ठेवायचा होता.

अख्ख्या फ्लॅटच्या कार्पेट एरियाला तर असं कधीच भागू नका. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे त्यात आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते आणि बाल्कनी धरलेली नसते. भागाकार होतो, पण येणारी बाजू घरात कुठेच सापडत नाही.

---

ऐरोलीची_आई | रविवार, संध्याकाळी ७.३०

मंडळी, अहवाल.

आज सकाळी लेक, मी आणि मजल्यावरची दोन पोरं, खडू आणि पाच मीटरचा टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो. मोकळ्या जागेत साडेतीन मीटरची रेघ मारली. वॉचमनकाकांनी टेपचं दुसरं टोक धरलं. मग रुंदीकडे एक मीटरवर दुसरी रेघ. ही मास्तरांची सतरंजी. आतमध्ये पाव चौरस मीटरचे चौकोन आखले, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. सात एका ओळीत, दोन ओळी. चौदा! पोरांनी मोजले, काकांनी परत मोजले. दुसरी सतरंजी, अठ्ठावीस. सात उरले. तिसऱ्या सतरंजीची एकच ओळ भरली आणि पस्तीस संपले. टेप लावला, दोन मीटर पन्नास.

मग लेकीने मला उभं करून विचारलं, "आई, आता जमीन फक्त अर्धा चौरस मीटर आणि लांबी पाऊण मीटर असेल तर?" मी केलं, १/२ × ४/३ = २/३. तर म्हणते, "अर्ध्याला भागलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं कसं?" मी गप्प. तिनेच सांगितलं: पाऊण मीटर लांबीची एक अख्खी सतरंजी पाऊण चौरस मीटरची होईल. आपल्याकडे अर्धाच आहे. पाऊण म्हणजे तीन पाव, अर्धा म्हणजे दोन पाव. तिनातले दोन. सतरंजी दोन तृतीयांशच भरली.

दुपारपर्यंत खालच्या पोरांनी आमच्या पस्तीस चौकोनांत लंगडी सुरू केली होती. संध्याकाळी सेक्रेटरींनी ग्रुपवर फोटो टाकून "पार्किंगमध्ये हे काय आहे" विचारलंय. काकांनी अजून माझं नाव सांगितलेलं नाही.

लेकीने तुम्हा सगळ्यांना एक गणित घातलंय. क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटर, लांबी सव्वा मीटर. रुंदी? कॅल्क्युलेटर नाही, आणि उलटा करायचा नाही.

---

खाडीपलीकडे | रविवार, संध्याकाळी ७.४२

एक पूर्णांक दोन तृतीयांश.

---

शंकासुर | रविवार, संध्याकाळी ७.४४

खाडीपलीकडे, सव्वा मीटर लांबीवर तेवढी रुंदी घेतलीत तर दोन चौरस मीटरच्या वर जमीन लागेल. पाऊणच आहे. पुन्हा ग्रॅनाइट मागवू नका.

---

तलावपाळी | रविवार, रात्री ८.०५

तीन पाव जमीन, पाच पावांची सतरंजी. ३/५.

---

जुना_मास्तर | रविवार, रात्री ८.२०

तलावपाळी, शाबास. पोरीला माझा आशीर्वाद सांगा. तिने छेद पाच येईल असं मुद्दाम निवडलं असेल तर हुशार, आणि नकळत निवडलं असेल तरी काही बिघडत नाही.

---

सुताने_मोजतो | रविवार, रात्री ९.३५

मीटर असेल तर साठ सेंटीमीटर, टेपवर सरळ दिसतं. फुटात असतं तर सात इंच आणि दीड सुताच्या किंचित पुढे. इंचाच्या टेपवर पाचाची रेघच नाही, अर्धा, पाव, सूत एवढंच. बेटीला सांगा, ग्रिलची ऑर्डर देताना पाचाचा छेद नको.

---

ऐरोलीची_आई | रविवार, रात्री ९.५०

सांगितलं. ती म्हणते, "सुतात मोजलं तर मग सगळ्याचे छेद आठच, बरंय की." आता कपाटाची उंची सुतात मोजत बसलीय. उद्या शाळा आहे, झोपवते.